साक्षगंधाच्या गाडीचे काळे लाइट

"मॅडम, घरच्या घरी स्प्रे मारून गाडीचे मागचे लाइट काळे केले, तं चालते का?"

डिंपलच्या तोंडून प्रश्न सुटला आणि शाळेच्या पटांगणात हशा असा पळाला, जसा सतरंजीखालून उंदीर पळावा. मुलींच्या रांगेत शिरला, मुलांच्या रांगेतून निघाला आणि मागे खुर्चीवर डुलक्या घेणाऱ्या पीटीच्या सरांना जागं करूनच थांबला.

पैज रुचिकाची होती. भंडाऱ्याहून, गाड्या तपासणाऱ्या खात्यातल्या एक मॅडम रस्ता सुरक्षेवर बोलायला लाखनीच्या त्या शाळेत आल्या होत्या. हेल्मेट झालं, पट्टा झाला, "कुणाला काही विचारायचं आहे का?" झालं आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात रुचिकाने डिंपलच्या कानात फुंकलं, "विचार ना वं तुह्या लाइटाचं. आहे हिंमत? नाही विचारलं तं उद्यापासून माही सायकल तू ढकलशील. चढावर. मी वर बसली असताना."

दुसऱ्या बाजूने रंजूने चिमटा काढला. झालं, डिंपल उभी राहिली.

मागच्या वर्षीची डिंपल असती तर तिने मुकाट्याने सायकल ढकलली असती. ती हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेसुद्धा बाकाच्या कानात सांगितल्यासारखं. पण ही डिंपल वेगळी होती. हिने लाइट केले होते.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माइक खाली घेतला. "कुणाच्या गाडीचे?"

"माह्या दादाच्या."

"कुणी केले?"

रुचिकाने तिची ओढणी खाली ओढली. पैज प्रश्नापुरतीच होती, आता बसायला हरकत नव्हती. पण डिंपलच्या अंगात वारं भरलं होतं. "मीच केले, मॅडम. अन् एक ओघळ नाही त्याले. हात फिरवून पाहा."

"डिंपल पेंटर!" मुलांमधून कुणीतरी ओरडलं. डिंपलला ते शिवीसारखं लागलंच नाही. उलट मनात म्हणाली, अजून एकदा म्हण.

"कायदा सांगू की खरं सांगू?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही सांगा."

"कायद्याने चालत नाही, दंड होतो. हे झालं कायद्याचं. आता खरं. तू ते लाइट मागून पाहिलेस का?"

"रोजच पाहते ना."

"अंगणात, उन्हात, उभ्या गाडीचे. मी रस्त्यावरचं विचारतेय. दिवस मावळताना, दुरून." त्या जरा थांबल्या. "मालकाला आपल्या गाडीचे मागचे लाइट कधी दिसत नाहीत, बेटा. ते मागच्या माणसासाठी असतात. तू एकदा मागचा माणूस हो. मग चालतं की नाही, ते तूच ठरव."

टाळ्या पडल्या, चहा आला, मॅडम गेल्या. रुचिकाने पाठीवर थाप मारली, "मानलं बाप्पा तुले!" पण डिंपलच्या पायात बारीक काटा मोडल्यासारखं झालं होतं. चालता येत होतं, पण टोचत होतं.

कारण ते लाइट म्हणजे नुसते लाइट नव्हतेच.

डिंपलचा मोठा भाऊ प्रीतम याने दिवाळीआधी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती, भाड्याने चालवायला. त्याचं लग्न करडीच्या रीताशी ठरलं होतं आणि साक्षगंध अगदी तोंडावर आलं होतं. अंगठ्या घालायला सगळं घर करडीला जाणार, आणि प्रीतमची गाडी सगळ्यात पुढे राहणार. प्रीतमच्या डोक्यात एकच खूळ बसलं होतं. नागपूरच्या पोरांच्या गाड्यांसारखे आपल्या गाडीचे मागचे लाइट काळे पाहिजेत. धुरकट, आत लाल लपलेला. त्याने नागपूरहून स्प्रेचा डबाही आणला होता. फक्त मारणार कोण? त्याचा हात असा की पाटाला रंग दिला तर पाटापेक्षा जास्त रंग पायाला.

"मी मारून देते," डिंपल म्हणाली होती.

"तू? तुले फुगा फुगवता येत नाही."

पण डिंपलला येत होतं. कारण उन्हाळाभर ती धनंजयमामाचा डबा घेऊन त्याच्या दुकानात जायची. हायवेला लागून मामाचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. मामा जेवायचा आणि ती बघायची. मामा जेवण झाल्यावर हात धुऊन कामाला लागायचा, तरी ती बघायचीच. मामा स्प्रे मारताना स्वतःशी पुटपुटायचा, "पयला हात धुकं, दुसरा हात दव, तिसरा हात पाणी." म्हणजे पहिला थर धुक्यासारखा, दिसेल न दिसेल. दुसरा दवासारखा, थेंबाथेंबाचा. तिसरा ओला, पाण्यासारखा सरळ. आणि हात मध्येच थांबवायचा नाही. थांबला की ओघळ आलाच.

पहिल्यांदा तिने हे सगळं केलं आणि तरी घोटाळा झाला. प्रीतमने लाइट खोलून दिले. तिने ते साबणाने धुतले, बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासले, अंगणात खाटेवर ठेवून रंग मारला. आणि नेमकी शेजारच्या पार्वताबाईकडे धानाची मळणी सुरू झाली. मशीन घरघरलं, भुसकट उडालं आणि ओल्या रंगावर मजेत येऊन बसलं.

"हे लाइट आहेत का तिळाचे लाडू?" प्रीतमने विचारलं.

आधीची डिंपल रडत घरात गेली असती. हीसुद्धा गेलीच, पण गेली ती मच्छरदाणी घेऊन परत आली. सगळं घासून काढलं आणि मोर्चा गोठ्याकडे वळवला. आईने, म्हणजे कौशल्याबाईने, गोठा नुकताच शेणाने सारवून काढला होता. गाई चरायला गेलेल्या. सारवलेल्या ओलसर जमिनीवरून धूळ म्हणून उठत नाही, चालून पाहा की उडी मारून पाहा. चार खुंट्यांना चार टोकं बांधून तिने मच्छरदाणी ताणली, आत पाटावर लाइट मांडले, तोंडाला रुमाल बांधला, गोठ्याचं दार सताड उघडं ठेवलं. मोठ्या शहरात गाड्या रंगवायला काचेच्या खोल्या असतात म्हणे. डिंपलची खोली मच्छरदाणीची होती, आणि तिच्यात एक कण शिरला नाही.

धुकं. दव. पाणी.

वाळल्यावर लाइट असे निघाले की पिकलेलं जांभूळ. उन्हात धरलं की खोल कुठेतरी लाल हलायचं. प्रीतमने दोन्ही लाइट उलटसुलट फिरवून पाहिले. मग म्हणाला, "कोणाले सांगू नको, तू केले म्हणून." आणि संध्याकाळपर्यंत त्यानेच अख्ख्या गावाला सांगितलं.

आईची तक्रार एवढीच की वासाने गाईने दूध चोरलं आणि मच्छरदाणी आता गोठ्यातच राहू दे.

लोक बघायला आले. 'प्रीतमची बहीण' होती ती 'लाइटवाली' झाली. मामाही आला. त्याने अंगठा फिरवला, वाकून उजेडात तिरकं पाहिलं. "माह्या दुकानात असं काम महिन्यातून एकदा उतरते," म्हणाला. "रविवारी येत जाय. शिकवतो."

आणि तिथेच गाडी अडली.

"काही नको," आई म्हणाली. "हायवेवरचं दुकान. ट्रकवाले उभे राहतात, शिव्या देतात. पोरीच्या जातीनं तिथं बसाचं? घरी काय कराचं ते कर."

वडील, तुलाराम, धानाचं पोतं शिवत होते. त्यांनी सुई न थांबवता म्हटलं, "पाहू."

बाबूजींचं 'पाहू' म्हणजे 'नाही'च. फक्त इस्त्री केलेलं.

डिंपलने मग मनात बेत आखला. साक्षगंधाला करडीत गाडीभोवती गर्दी होईल, पाहुणे विचारतील हे लाइट कुठून केले, दादा म्हणेल माह्या बहिणीनं, आणि बाबूजींची मान ताठ झाली की तेव्हाच, त्या क्षणी, चारचौघांत विचारायचं. चारचौघांत बाबूजी 'पाहू' म्हणू शकत नाहीत. तेव्हा ते लाइट म्हणजे तिचा पुरावा होता. तिचं तोंड होतं. आणि आता ही मॅडम म्हणत होती, मागून पाहा.

संध्याकाळी तिने प्रीतमला गाडी काढायला लावली. गावाबाहेर तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, आहे, तिच्या खालून रस्ता वळतो. मळणीचे दिवस, थंडी पडू लागलेली. सूर्य गेला की तलावावरून धुकं उतरतं आणि शेकोट्यांच्या धुरात मिसळून रस्त्यावर बसून राहतं. प्रीतमने वळणाच्या पुढे गाडी उभी केली, डिंपल वळणावर येऊन उभी राहिली.

"दाब ब्रेक!"

"दाबून राहिलो!"

तिने डोळे बारीक केले. तिथे... हो, तिथे काहीतरी तांबूस होतं. विडीच्या टोकाएवढं. "दिसते की!" ती ओरडली आणि आनंदाने गाडीकडे पळाली.

पण घरी भाकरी मोडताना तिला शंका आली. दिसते म्हणजे काय? तिला ठाऊक होतं गाडी कुठे आहे. ठाऊक असलेलं माणसाला अंधारातही दिसतं. आई डोळे मिटून तिखटाचा डबा काढतेच ना? जो रस्त्याने येईल त्याला कुठे ठाऊक असणार?

आणि करडीहून परत येताना मागे कोण असणार होतं? गाडीत बायका बसणार, म्हणून बाबूजी मोटरसायकलवर, गाडीच्या थेट मागे.

सकाळी शाळेच्या आधी ती गोठ्यात गेली. गाडीचा डावा लाइट खोलून आणला होता. पॉलिशपेपर पाण्यात बुडवला. पहिल्यांदा घासताना तिला स्वतःचाच हात परका वाटला. जे धुकं-दव-पाणी तिने श्वास रोखून चढवलं होतं, ते काळं पाणी होऊन कोपरावरून ओघळत होतं. मधूनमधून ती बोटाने पुसून बघत होती, आणि मधूनमधून बघायचं टाळत होती. तेवढ्यात दात घासत प्रीतम आला आणि ब्रश तसाच तोंडात राहिला.

"बे! काय करून राहिली?"

"एकच काढून राहिली. डावा."

"पागल झाली का? साक्षगंध परवावर आलं! एक काळा एक लाल, मी काय बहुरूपी आहो? थांब, थिनर आणतो, हा पण पुसून टाक मंग, हौस फिटू दे तुही!"

"थिनर नको आणू. प्लास्टिक पांढरं पडते. अन् हौस नाही माही." तिने मान वर केली नाही. "आज संध्याकाळी पुन्हा गाडी काढ. बाबूजी वावरातून याच्या टायमाले. त्याच्यानंतर जे म्हणशील ते. पुन्हा काळा करून देते, रात गेली तरी."

प्रीतमने चूळ भरली. बहिणीचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता. "लिहून दे," म्हणाला आणि गेला.

शाळेत रुचिकाला सांगितल्यावर ती थांबूनच गेली. "काढून टाकला? अवं, त्याच्यावरच तं सगळे तुले ओळखतात! दुसरा पण काढशील तं मंग तू कोण राहिली?"

तिने सहज विचारलं होतं. पण तो दिवसभर डिंपलच्या दप्तरात बसून राहिला, तो प्रश्न. इतिहासाच्या तासाला बसला, गणिताच्या तासाला बसला. मंग तू कोण राहिली? घरी जाता जाता चढावर तिने रुचिकाची सायकल ढकलली. पैज जिंकली होती तरी. हातांना काहीतरी काम पाहिजे होतं.

संध्याकाळी तिने आईला सोबत घेतलं. सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "तू वळणावर उभी राहाय. बाबूजी आले का थांबव. अन् पुढं काय दिसते ते विचार. बस."

"अन् ते म्हणतील, हिले येड लागलं, तं?"

"तं म्हणू दे. तरी विचार."

प्रीतम पुढे गाडीत, ब्रेकवर पाय देऊन. वळणावर आई, पदर कानावर घेतलेली, आणि तिच्या मागे डिंपल. धुकं कालच्यासारखंच. थोड्या वेळाने फटफट आवाज आला, मोटरसायकलचा पिवळा दिवा आला आणि बाबूजींनी करकचून ब्रेक मारला.

"काय झालं? घरी काही झालं का?"

"काही नाही जी," आई म्हणाली. "पुढं काय दिसते, सांगा."

"हे काय आता?"

"सांगा तं."

बाबूजींनी आईकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, दोघींना एकदमच ताप आलाय का असा चेहरा केला आणि मग रस्त्याकडे पाहिलं. "मोटरसायकल उभी आहे कोणाची तरी. डाव्या हाताले. लाल लाइट दिसून राहिला ना."

डिंपल पुढे आली. "मंग बाबूजी, तुम्ही तिथून कसे निघाल?"

"कसे म्हणजे? तिच्या उजवीकून काढीन. रस्ता मोकळा आहे."

"चला. पैदल चला."

तिघं चालत निघाली. बाबूजी पुढे, बडबडत, की पोट्टीला शाळेत काय शिकवतात कोण जाणे. तो लाल ठिपका मोठा होत गेला. बाबूजी त्याच्या उजवीकडून निघाले, जसे म्हणाले होते तसेच, हात पाठीमागे बांधून, निवांत. आणि मध्येच थांबले. त्यांचा गुडघा कशाला तरी लागला होता. त्यांनी हात पुढे केला. हाताखाली पत्रा होता. गार, दवाने ओला. प्रीतमच्या गाडीचा उजवा कोपरा. तिथे काळा लाइट जळत होता, त्यांच्या पोटासमोर, विडीएवढा.

बाबूजींनी तळहात लाइटवर ठेवला आणि तसाच राहू दिला. आईने पदर तोंडाला लावला. मोटरसायकल असती तर कोणत्या वेगाने असती, हे सांगायला तिथे मॅडमची गरज नव्हती.

प्रीतम दार उघडून उतरला. "काय झालं? तिथंच काहून थांबले?" मग त्याने बापाचा हात कुठे आहे ते पाहिलं.

"परवा तुह्या मागं मीच राहीन ना रे, करडीहून येताना," बाबूजी एवढंच म्हणाले.

प्रीतमने मान खाजवली, एक दगड लाथेने उडवला, आणि शेवटचा प्रयत्न म्हणून पुटपुटला, "पण साक्षगंधाले... पोरीकडचे लोक..."

"ते तुले पाहाले येऊन राहिले का लाइट पाहाले?" डिंपल म्हणाली. "अन् लाइटच पाहाले येत असतील तं दाखवतेच मी त्याइले. उद्या सकाळी गोठ्यात कोणी याचं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तिने उजवाही लाइट खोलला. या वेळी हात परका वाटला नाही. मच्छरदाणी ताणली, कारण पार्वताबाईचं मशीन पुन्हा सुरू होतं. काळा थर उतरला तेव्हा खालून जुनं प्लास्टिक निघालं, घासून घासून पांढुरकं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. प्रीतमने दारातून डोकावून "गेले ना बाराच्या भावात!" म्हटलं, तर तिने ओला पेपर फेकून मारला.

कारण मामाच्या दुकानात तिने फक्त रंग चढवणं पाहिलं नव्हतं. आधीपेक्षा बारीक पेपर, मग त्याहून बारीक, मग आईच्या जुन्या सुती लुगड्याचा बोळा आणि मामाकडून वाटीभर आणलेलं पॉलिश. गोल गोल, न थांबता. हात थांबला की डाग. दुपार झाली, आईने भाकरी दारात ठेवली आणि ती गार झाली. पांढुरकेपणा हळूहळू मागे सरकला आणि अचानक आतून लाल वर आलं. नुसतं लाल नाही, डाळिंब फोडल्यासारखं, पैलू पैलू वेगळा दिसणारं. जुन्या गाडीला गेल्या मालकाच्या काळापासून कुणी असं पाहिलं नसेल.

डिंपलने दोन्ही लाइट मांडीवर घेतले आणि एकटीच हसत बसली. काळा रंग मारला तेव्हा तिने लाइट झाकले होते. लोकांनी झाकलेलं पाहिलं आणि वाहवा केली. हे मात्र तिने उघडून काढलं होतं, आणि हे जास्त अवघड होतं. हे तिला ठाऊक होतं, आणि मामालाही ठाऊक असणार. रुचिकाला ती उत्तर देणार होती. तू कोण राहिली? तर ही.

करडीत साक्षगंध झालं. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, रीताने हळूच मान वर करून प्रीतमकडे पाहिलं आणि प्रीतम घामाने भिजला. गाडीभोवती गर्दी झालीच. रीताचे काका मागे वाकून म्हणाले, "जवाईबापू, गाडी जुनी सांगत होते, हे तं कंपनीचे नवे लाइट टाकले वाटते?"

प्रीतमने छाती फुगवली, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग बहिणीकडे बोट केलं. "टाकले नाही, काका. तिनं काढले."

काकांना काही कळलं नाही. पण बाबूजींनी फेटा सारखा केला, आणि तो मुळात वाकडा झालेलाच नव्हता. डिंपलने पाहिलं. हीच ती वेळ होती, चारचौघांत विचारायची, बेत आखून ठेवलेली. ती गप्प राहिली. तिला आता कुणाच्या आडोशाने विचारायचं नव्हतं.

परतताना दिवस मावळला. गाडीत पुढे प्रीतम आणि मावशी, मागे आई आणि डिंपल. डिंपल उलटी वळून मागच्या काचेतून बघत होती. बाबूजींची मोटरसायकल मागे येत होती, ना फार जवळ, ना फार दूर, जशी गाईमागे वासराने दोरी न लावता चालावं. पुढे तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, एक ट्रॉली आली, उंच भरलेली, मागे एक दिवा नाही की लाल चिंधी नाही, घरच्या ट्रॉलीसारखंच. प्रीतमने ब्रेक दाबला.

आणि बाबूजी लाल झाले. त्यांचा पांढरा सदरा, फेटा, मिशा, हँडलवरचे हात, सगळं धुक्यातून डाळिंबासारखं उजळलं. मोटरसायकल लगेच हळू झाली. ब्रेक सुटला, बाबूजी विझले. पुन्हा दाबला, पुन्हा उजळले. तिचं काम तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. मागच्या माणसाच्या अंगावर.

"काय पाहून राहिली मघापासून?" आईने विचारलं.

"बाबूजी," ती म्हणाली.

घरी गाडी अंगणात लागली. मावशी आपल्या घरी गेली, प्रीतम फोन घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात गेला, कुणाचा ते सांगायला नको. बाबूजींनी मोटरसायकल लावली, फेटा काढून खाटेवर ठेवला आणि गाडीच्या मागे येऊन उभे राहिले. उजव्या लाइटवर हात ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच.

"आज मी रस्त्याकडे पाहिलंच नाही वं," म्हणाले. "तुहे लाइट पाहत आलो. त्याइनं थांब म्हटलं का थांबलो, चाल म्हटलं का चाललो."

डिंपलने चप्पल काढली, पुन्हा घातली. मग सरळ उभी राहिली, पटांगणात राहिली होती त्याहून सरळ.

"बाबूजी, आई, ऐका. या रविवारपासून मी मामाच्या दुकानात जाणार. दर रविवारी. अभ्यास बुडणार नाही, ते माह्यावर. सगळं काम शिकणार, रंगाचं, लाइटाचं, घासाचं. अन् गावातल्या ज्या ट्रॉल्या बिनालाइटाच्या फिरतात, त्याइच्या मागं पयला लाल लाइट मीच लावणार. आपल्या ट्रॉलीपासून."

"अवं पण हायवेवर..." आईने सुरुवात केली, तिचा हात अजून खाटेवरच्या फेट्यावर होता. बाबूजींनीही तोंड उघडलं. 'पाहू' ओठांवर आलंच होतं, डिंपलला ते येताना दिसलं, आणि तिने ते येऊ दिलं नाही.

"विचारून नाही राहिली, बाबूजी," ती म्हणाली. "सांगून राहिली."